सत्तावीस नंबरचा शिक्का

आमच्या फौंड्रीत 'मानसिक आरोग्य' हा शब्द पहिल्यांदा आला तो फ्लेक्सवर छापून. दोन हजार सालानंतरची गोष्ट. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं, आणि त्यांच्या अटींमध्ये कामगारांच्या मनाची काळजी घेता का, असाही एक प्रश्न होता. मग धावपळ. पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आणल्या, कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सारली, सतरंज्या घातल्या, आणि कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, फुगे लावले. बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, मग जोरात हसायला लावलं. आयुष्यभर भट्टीच्या धगीत उभी राहिलेली ती माणसं, साहेबलोक बघताहेत म्हणून हसली बिचारी. मला मात्र तो फ्लेक्स टरकावून टाकावासा वाटत होता.

शेवटी बाई म्हणाल्या, "एकमेकांशी खरं बोला. मनात ठेवू नका. आपला सहकारी गप्प गप्प असेल तर त्याला विचारा." बोलल्या ते काही चुकीचं नव्हतं. पण तेवढ्यात मागच्या रांगेतून मोल्डिंगचा मेस्त्री उठला, खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि बाहेर निघून गेला. बाईंना वाटलं, त्याला खोकला आला असेल. मला ठाऊक होतं तो का उठला. त्याच्या हाताखालचा सत्तावीस नंबरचा मोल्डर आपल्या गावच्या, नेसरीच्या मातीत जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.

मी त्या फौंड्रीत वेल्फेअर ऑफिसर होतो. समाजकार्याची पदवी घेऊन नव्वदच्या सुरुवातीला कोल्हापूरला परत आलो तेव्हा मला वाटलं होतं, आपण कामगारांचं कल्याण वगैरे करणार. प्रत्यक्षात माझ्या ताब्यात साबण, बूट, टॉवेल, कॅन्टीनचा पातळ रस्सा आणि गूळ आला. वाळूच्या धुळीनं छाती भरते, ती गुळानं साफ होते, अशी समजूत. म्हणून प्रत्येक मोल्डरला महिन्याला गूळ मिळायचा. गूळ काळा निघाला की माझ्या टेबलापुढं मोर्चा. घरून निघताना मी बायकोला म्हणायचो, चाललो गूळ वाटायला. छातीसाठी गूळ होता, पायाला बूट होते, डोक्याला हेल्मेट होतं. डोक्याच्या आत काही बिघडलं तर काय द्यायचं, हे माझ्या नेमणूकपत्रात कुठं लिहिलेलं नव्हतं.

साचे तेव्हा हातानं व्हायचे. लोखंडी पेटीत लाकडी नमुना ठेवायचा, वरून काळी वाळू भरायची, ती ठोकून ठोकून घट्ट करायची, नमुना अलगद काढून घ्यायचा. उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. प्रत्येक मोल्डरकडं स्वतःच्या नंबरचा एक पितळी शिक्का असे. पेटी बंद करण्याआधी तो वाळूत दाबायचा. लोखंड थंड होऊन साचा फोडला की ओतकामावर नंबर उठून दिसे. माल गिऱ्हाइकाकडून परत आला तर कुणी केला ते कळावं, एवढाच कंपनीचा हेतू. पण मोल्डर लोक त्या शिक्क्याला जीव लावायचे. खंडेनवमीला सगळे शिक्के एका ताटात मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचे. नवीन माणसाला नंबर मिळायचा तोही दसऱ्यालाच. हाकसुद्धा नंबरानं मारायचे. माणसाचं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

सत्तावीस नंबर गडहिंग्लजकडच्या नेसरीचा. चाळिशीच्या अलीकडचा, उंच, आवाज असा की भट्टीचा ब्लोअर चालू असतानाही त्याची शिवी शेवटच्या खांबापर्यंत पोचायची. आईला तो अव्वा म्हणायचा, थोरल्या बहिणीला अक्का, बाकीचे त्यावरून चिडवायचे, "आलं बघा कानडी पावणं." तो त्याच्या दुप्पट ऐकवायचा. बायको, दोन मुली, अव्वा आणि थोडं रान गावाकडं. हा इथं खोली घेऊन राहायचा आणि आमच्या सोमवारच्या सुट्टीला गावी जायचा. मंगळवारी पहाटेच्या एसटीनं परत. येताना मोठं फडकं भरून भाकरी आणि खर्डा.

कारण मंगळवारचा डबा सगळ्यांचा असे. सुट्टीनंतरच्या दिवशी पाळीपाळीनं एकानं साऱ्या मोल्डरांचं जेवण आणायचं, अशी त्यांची रीत. कुणाची पाळी असली तरी सत्तावीसच्या भाकरी यायच्याच. एकदोनदा मलाही बोलावलं होतं. वाळूच्या ढिगाशेजारी पोतं टाकून आम्ही जेवलो. तो खर्डा इतका जहाल होता की माझ्या डोळ्यांतून पाणी काढून त्यानं सगळ्यांची करमणूक केली.

मग तो गप्प झाला.

काय झालं, कधी झालं, कुणाला सांगता येईना. घरात कुणी गेलं नव्हतं, रानाचा तंटा नव्हता, बाई नव्हती, बाटली नव्हती. आमच्याकडं दुःखाला कारण लागतं. कारण सापडलं की चार लोक जमतात, रडतात, जेवू घालतात, आणि माणूस उभा राहतो. याच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. वाळू ठोकता ठोकता तो मध्येच थांबायचा आणि पेटीत बघत राहायचा. शिव्या बंद झाल्या. डबा न उघडता परत जाऊ लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाय की. आतनं काय वाटतंच न्हाय बगा."

दोस्तांनी त्यांच्या परीनं सगळे उपाय केले. जोतिबाला नेऊन आणलं. अंगारा लावला. रविवारी रात्री मटणाचा बेत केला, तांबडा-पांढरा समोर ठेवला, "हाण की लेका" म्हणून आग्रह केला. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. एकानं वैतागून विचारलंही, "तुला धाड काय भरलीया रं? सोन्यासारख्या पोरी हायत, नोकरी हाय." तोच प्रश्न तो स्वतःला दिवसभर विचारत असणार.

एके दिवशी भट्टीतून लोखंड न्यायच्या वाटेवर तो तसाच उभा राहिला. मागून भरलेली बादली येत होती, माणसं ओरडत होती आणि हा हलेना. मेस्त्रीनं त्याला दंडाला धरून ओढला. मेस्त्री म्हणजे मोल्डिंगचा प्रमुख. पन्नाशीचा, बुटका, तोंडाचा फाटका. सत्तावीसला त्यानंच हाताखाली घेऊन घडवला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा स्वतः माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "साहेब, ह्येला कुठंतरी दाखवूया. ह्ये काय भाईरचं न्हवं."

मी राजारामपुरीत राहायचो. आमच्याच पुढच्या गल्लीत मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते. खाली गणिताचा क्लास, वर दवाखाना. क्लासच्या पाटीला रोषणाई होती. दवाखान्याची पाटी मात्र इतकी लहान की आलेल्या माणसाची लाज राखायलाच तशी केली असावी. सत्तावीस स्कूटरवरून उतरला आणि टॉवेल तोंडाला गुंडाळू लागला. "कुणी बगितलं तर म्हणतील, येड्याच्या डाक्टरकडं गेलतं." मी म्हणालो, क्लासची फी विचारायला आलोय म्हणून सांगू. तो हसला नाही. जिन्यात मात्र माझा हात घट्ट धरून ठेवला होता त्यानं. खूप वाईट वाटलं मला.

डॉक्टर चांगले होते. शांतपणे ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, वेळ लागेल पण बरा होशील म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "कामावर येऊ द्या त्याला. भट्टीजवळ नको, जड नको. हलकं काम द्या, पण काम द्या. रिकामा बसवू नका. हातातलं काम सुटलं की यांना वाटतं, आपली गरजच संपली."

मी ते जसंच्या तसं मेस्त्रीला सांगितलं. मेस्त्रीनं दाढी खाजवली. "हलकं काम? फौंड्रीत हलकं काम कंचं असतंय साहेब?" प्रश्न बरोबर होता. मग तोच म्हणाला, "बगतो मी. तुम्ही काळजी नगा करू." त्या वाक्यानं मला हायसं वाटलं होतं, हे आठवलं की आज स्वतःचाच राग येतो.

मेस्त्रीनं जे बघितलं ते असं. रोज कोणत्या नंबरचे किती साचे झाले ते फळ्यावर लिहिलं जायचं. सत्तावीसचे साचे कमी पडले तर मॅनेजर विचारणार, कारण कळलं तर घरी पाठवणार. म्हणून सगळ्या मोल्डरांनी आपापसांत ठरवलं. प्रत्येकानं जरा जादा काम उरकायचं आणि त्या जादा साच्यांत सत्तावीसचा शिक्का मारायचा. "नंबर पडू द्याचा न्हाई गड्याचा." त्याला खांबाजवळ सावलीत स्टूल दिलं. शिक्का त्याच्या खिशातून काढून घेऊन खिळ्याला टांगला, कुणालाही पटकन घेता यावा म्हणून. तो उठून वाळूला हात लावायला गेला की चारी बाजूंनी ओरडा, "बस की तू! आम्ही हाय न्हवं!" मंगळवारच्या डब्याची त्याची पाळीसुद्धा काढून घेतली. वहिनींना कशाला त्रास, म्हणून.

ही माणसं वाईट होती असं कुणी म्हणालं तर मी भांडेन त्याच्याशी. स्वतःचे खांदे भरून आलेले असताना दुसऱ्याच्या वाटणीची वाळू ठोकणं म्हणजे काय, ते ज्यानं ठोकली त्यालाच ठाऊक. पण सगळ्यांनी मिळून, जीव लावून, त्या माणसाच्या हातात काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

गोळ्यांनी थोडा फरक पडत होता असं मला वाटतं. रात्री झोप लागायला लागली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेलो तर तो स्टुलावर नव्हता. मागं, थंड झालेलं ओतकाम रचून ठेवतात तिथं, एकेका नगावरून बोट फिरवत होता. मला बघून म्हणाला, "साहेब, ह्यो माझा न्हवं. ह्यो पण न्हवं. समद्यावर सत्तावीस हाय."

मी काहीतरी समजूत घातली. दोस्तांनी प्रेमानं केलंय, तू बरा हो, मग तुझं तू कर.

"व्हय की. प्रेमानंच केलंय." त्यानं त्या उठून आलेल्या आकड्यावर बोट टेकवलं. "मी न्हाय तरी सत्तावीस नंबर निघालाय साहेब. चांगला निघालाय. मग मी कशाला येतोय सांगा."

मी तसाच मेस्त्रीकडं गेलो आणि जवळजवळ भांडलोच. त्याला काहीतरी करू दे, वाळू चाळू दे, नमुने पुसू दे, काही कर पण स्टुलावरून उठव. मेस्त्री हात जोडून म्हणाला, "आत्ता नगं साहेब. हात कापतोय त्येचा. साचा खराब निघाला तर नंबर त्येचा बदनाम हुतोय. बरा झाल्यावर करंल की."

पुढच्या आठवड्यात त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. भर दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, पाठवायला तयार असलेल्या मालाच्या रचणीजवळ बसून त्यानं एकेका नगावरचा सत्तावीस आकडा छिलून काढला. शांतपणे, नीट, जणू कामच करतोय. आवाज ऐकून माणसं धावली तोवर निम्मी रचणी बिनानंबराची झाली होती. नंबर नसलेला माल गिऱ्हाईक घेत नाही. म्हणजे तो भंगारात. मॅनेजर लालबुंद होऊन आला, विचारलं, हे काय केलंस? तो म्हणाला, "जे मी केल्यालं न्हाय त्येच्यावर माझा नंबर कशाला?" आजवर त्या शेडमध्ये याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. मॅनेजरनं ते वेड्याचं वाक्य म्हणून ऐकलं.

त्याला निलंबित केलं आणि चौकशी लागली. मी आधी मॅनेजरकडं जाऊन सगळं सांगितलं. आजार, डॉक्टर, शिक्का, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचं तोंडी मला चालत नाही. मोल्डरांपैकी एकानं चौकशीत सांगू दे की हा माल आम्ही केला आणि शिक्का याचा मारला. मग मी याला आजारी धरून रजेवर पाठवतो, नोकरी राहील." एवढं सोपं होतं. एका माणसानं एक खरं वाक्य बोलायचं होतं.

कॅन्टीनमध्ये मोल्डरांना गोळा करून मी हे समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेस्त्री म्हणाला, "मी बोलतो. माझ्या सांगण्यावरनं झालंय." मला त्या क्षणी तो माणूस देवासारखा वाटला. मग मधल्या दोन दिवसांत कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, की दुसऱ्याचा शिक्का मारणं म्हणजे कंपनीची फसवणूक, तुम्ही सगळेच घरी जाल. मेस्त्रीच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. बाकीच्यांच्याही घरात खाणारी तोंडं होतीच.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. शहरातले एक वकील चौकशी करायला बसले होते. एकेक मोल्डर आत येऊन उभा राहिला, हातातली टोपी चुरगाळत. माल कुणाचा? "सत्तावीस नंबरचा." तुम्ही केला का? "नंबर त्येचा हाय साहेब." हे खोटं नव्हतं, आणि खरंही मुळीच नव्हतं. मेस्त्री सगळ्यात शेवटी आला. मी त्याच्याकडं बघत होतो. तो जमिनीकडं बघत होता. वकिलांनी तोच प्रश्न विचारला. मेस्त्रीचे ओठ हलले, आणि त्यानं तेच सांगितलं.

सत्तावीस कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. धुतलेला युनिफॉर्म घालून आला होता, दाढी केली होती. गेल्या कित्येक महिन्यांत इतका जागा मी त्याला पाहिला नव्हता. वकिलांनी त्याला विचारलं, "तुमचं म्हणणं होतं की हा माल तुम्ही केलेला नाही. मग कुणी केला? सांगा. नावं सांगा."

त्यानं मेस्त्रीकडं बघितलं. रागानं नव्हे. मी हे नक्की सांगू शकतो, कारण राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

"माझाच हाय साहेब," तो म्हणाला. "समदा मीच केलाय."

"मग नंबर का काढलेत?"

"डोस्कं फिरलंतं."

वकिलांनी ते लिहून घेतलं. डोकं फिरलेल्या माणसाला भट्टीजवळ ठेवता येत नाही, यावर कुणाचंच दुमत होण्यासारखं नव्हतं. त्याची नोकरी गेली. मेस्त्री बाहेर वाळूच्या ढिगावर बसून लहान मुलासारखा रडला, आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याला गप्प हो म्हणालोही नाही. दया आली होती त्याची, आणि लाथ घालावीशीही वाटत होती.

त्या वर्षी खंडेनवमीच्या ताटात सत्तावीसचा शिक्का होता. पूजेला दरवर्षीप्रमाणे मेस्त्रीच बसला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, तो शिक्का एका नव्या मोल्डरला दिला गेला. नवा माणूस मेस्त्रीच्या पाया पडला. कंपनीत आकडे रिकामे राहत नाहीत.

दिवाळी झाल्यावर मेस्त्री म्हणाला, नेसरीला जाऊन येऊ. एका सोमवारी आम्ही एसटीनं निघालो. मेस्त्रीच्या पिशवीत गुळाच्या ढेपी होत्या. सत्तावीसच्या वाटणीचा, निलंबनाच्या काळातला गूळ त्यानं माझ्या मागं लागून सोडवून घेतला होता. चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावात आम्ही गूळ घेऊन चाललो होतो. बसमध्ये मी त्याला तसं म्हणालो तर त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

घर नीटनेटकं होतं. अव्वा उंबऱ्याशी बसली होती, मुली शाळेत. वहिनींनी चहा केला आणि हळू आवाजात सांगितलं की गोळ्या संपल्यात, परत आणायला कोल्हापूरला जायला ते तयार नाहीत, दिवसभर सोप्यात बसून असतात. तो समोरच बसला होता. खूप वाळला होता. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. पाऊस, ऊस, कुणाची बदली. निघायच्या वेळी त्यानं एकच प्रश्न विचारला.

"माझा नंबर कुणाला दिलाय?"

मी तोंड उघडायच्या आत मेस्त्री बोलून गेला. "कुणाला देतोय? तुझाच हाय की अजून. कोण हात लावतोय त्येला?"

मी मेस्त्रीकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. आमच्याकडं मायेनं खोटं बोलतात. आजाऱ्याला सांगायचं, तू बरा दिसतोस. मरणाऱ्याला सांगायचं, पुढच्या महिन्यात जत्रेला जाऊ. ऐकणाऱ्यालाही ते कळतं आणि तो मान डोलावतो, असा सगळा कारभार. पण सत्तावीसनं मान डोलावली नाही. तो सरळ होऊन बसला.

"म्हंजे हाय म्हणा की जागा," तो म्हणाला.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बघू, मॅनेजरशी बोलतो. पण त्यानं ते ऐकलंच नाही. परतीच्या बसमध्ये मी मेस्त्रीवर तोंडसुख घेतलं. तो म्हणाला, "साहेब, त्येच्या तोंडावर कसं सांगू वो? तुम्हीच सांगा, कसं सांगायचं?" मला तरी कुठं ठाऊक होतं? आजही मी कुणाला शिकवू शकणार नाही.

पुढच्याच मंगळवारी, पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी, तो फौंड्रीच्या गेटवर उभा होता. इस्त्रीचा युनिफॉर्म, पायात बूट, हातात मोठं फडकं बांधलेलं गाठोडं. वॉचमन जुना होता, त्याला ओळखत होता. आत सोडता येत नाही म्हणताना त्याची जीभ जड झाली. "मेस्त्रीला बोलवा," तो म्हणाला. "त्येला ठावं हाय." वॉचमननं निरोप पाठवला. मेस्त्री आला नाही. मी त्या दिवशी लेबर ऑफिसला गेलो होतो, दुपारी परत आलो तेव्हा तो तिथंच होता. रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसा म्हटलं तरी गेला नव्हता. पाळी सुटली तर चुकामूक होईल, म्हणत होता.

पाळी सुटली. भोंगा झाला. पुढच्या गेटनं भट्टीवाले बाहेर पडले, घासकामवाले पडले, साच्यासाठी वाळूचे गाभे करणाऱ्या बायका बोलत बोलत गेल्या. मोल्डरांपैकी एकही आला नाही. मी आत जाऊन बघितलं तर शेड रिकामी. वाळूचे ट्रक येतात त्या मागच्या गेटनं सगळे निघून गेले होते. सायकली हातात धरून, चिखलातून. त्याला तोंड कसं दाखवायचं, म्हणून.

मी परत आलो. तो अजून गेटमधून आत बघत होता. मी सांगून टाकलं. शिक्का दसऱ्यालाच दुसऱ्याला दिलाय. मेस्त्री खोटं बोलला. ते सगळे मागच्या गेटनं गेले. तुला परत घेणार नाहीत.

त्यानं शांतपणे ऐकलं. मी वाट बघत होतो की तो ओरडेल, शिवी देईल, ती जुनी, शेवटच्या खांबापर्यंत जाणारी शिवी. त्यानं फक्त विचारलं, "नवा माणूस बरा हाय का कामाला?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"मग झालं."

तो गेटच्या कट्ट्यावर बसला आणि गाठोडं सोडू लागला. "जेवा साहेब. सकाळपास्नं बांधलंय." मी बसलो. फडक्यात भाकरींची चवड होती, सगळ्या मोल्डरांना पुरेल एवढी, आणि डबाभर खर्डा. वहिनींनी पहाटे उठून थापल्या असणार. तो म्हणाला, "मंगळवार न्हवं का आज. माझी पाळी लई दिस चुकली."

आम्ही दोघं जेवलो. मी एक भाकरी खाल्ली, त्यानं अर्धी. खर्डा तोच होता, डोळ्यांतून पाणी काढणारा, पण या वेळी त्यावरून हसायला कुणी नव्हतं. मग उरलेल्या भाकरी त्यानं पुन्हा नीट रचल्या, फडक्याची गाठ मारली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"उद्या द्या त्यास्नी," तो म्हणाला. "शिळ्या झाल्या तरी खात्यात ती."

तो हायवेकडं चालत गेला, एसटी पकडायला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही; काही महिन्यांनी नेसरीहून तो गेल्याचाच निरोप आला.

त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी मी ते गाठोडं शेडमध्ये नेऊन मेस्त्रीपुढं ठेवलं. फडकं ओळखून सगळे हात थांबले. जेवणाच्या सुट्टीत ते पोत्यावर बसले आणि त्या भाकरी खाल्ल्या, सगळ्या, एक तुकडाही न टाकता.